फिरव आणि नाकार

लुइस्टन, ३ नोव्हेंबर १९९६

सोलांज,

हे पत्र तू उघडलंस तर अर्धं काम झालं. उघडलं नाहीस तर हे वाक्य वाया गेलं, आणि ते वाया गेलं हेही तुला कळणार नाही. बघ, तुझ्याशी बोलायला बसलं की अजूनही जर-तर आधी येऊन उभे राहतात.

काल चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाची मास होती. अर्मांच्या थडग्यावर शेवंती ठेवली, एक तुझ्या नावाचीही ठेवली. आपला भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. त्याला माती दिली त्या दिवशी तू त्याच्या स्वयंपाकघरातून ताटाला हात न लावता उठून गेलीस, त्यालाही तेवढीच झाली. कोण काय बोललं ते मी आज काढत नाही. त्यानंतर तू फोन काढून टाकलास, नाताळच्या कार्डांना उत्तर दिलं नाहीस. आपल्या घरात लहान पोराला विचारलं तरी सांगेल: सोलांज रागावली की बोलत नाही. तू बोलत नाहीस. तेव्हा तू अजून रागावलेली आहेस, हे समजायला मला फादरांकडे जायची गरज नाही.

तरी लिहिते, कारण काम माझं नाही, अर्मांच्या नोएमीचं आहे.

तू त्या दिवशी म्हणालीस ना, की या घराने पुन्हा एक हुशार मुलगी बुटांच्या कारखान्यात घातली? ती हुशार मुलगी अजून तिथेच आहे, शिवणखात्यात. पण संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने पदवी घेतली, आणि आता तिला वकील व्हायचं आहे. कारखाना बंद पडणार असं सगळे म्हणतात. रोज नवा कागद येतो, आणि जेवणाच्या सुट्टीत म्हाताऱ्या बायका तो घेऊन हिच्यापाशी येतात. ती वाचून सांगते. एकदा मला म्हणाली, "आत्या, मला नुसतं वाचून दाखवायचं नाही, त्यांच्या बाजूने उभं राहायचंय."

लॉ स्कूलला जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ऑक्टोबरमध्ये दिली. निकाल वाईट आला. निकालाचा कागद माझ्या टेबलावर ठेवून ती कोट न काढताच बसली.

"बाकी सगळं येतं गं आत्या. पण हे 'सर्व', 'काही', 'बहुतेक', 'जर' आणि 'शिवाय' आले की पायाखालची फळी सरकते. वाचताना वाटतं, हे तर अगदी सोपं आहे. आणि नेमकी तिथेच तोंडावर आपटते."

मला एकदम सिस्टर ओदिलचा तर्काचा तास आठवला, आणि त्या तासाला तिसऱ्या बाकावर बसलेली तू. आख्ख्या कॉन्व्हेंटमध्ये ते कुणाला येत असेल तर तुला. फेब्रुवारीत आणखी एक परीक्षा आहे. पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी ती शेवटची. तीही गेली तर नोएमी कनेटिकटला मावसभावाकडे कामाला जाणार, तसं तिने त्याला कळवूनही टाकलंय. आणि एकदा गेलेली मुलं तिथून परत येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

तू तिला शिकव. पत्राने शिकव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पाकिटावर तिचं नाव घाल, मी उघडणार नाही.

रोलांद


लुइस्टन, ८ डिसेंबर १९९६

सोलांज,

उत्तर नाही. ठीक आहे. मीच शिकवायला घेतलं.

हसू नकोस. तर्कात मला किती मिळायचे ते तुला आठवतं, मलाही आठवतं. पण मी तुझ्या शेजारी बसायचे ना. जे मला कधी सुटलं नाही ते तू सोडवताना मी इतक्यांदा पाहिलंय, की तुझे हात डोळ्यांपुढे आणले की पुढची पायरी दिसते. म्हणजे शिकवते मी, पण शिकवणी तुझीच.

नोएमी कामावरून चारला येते. शनिवारी मी घेवडे भिजवून भांडं ओव्हनमध्ये सारते आणि आम्ही टेबलावर पुस्तक उघडतो. पहिल्या दिवशीचा प्रश्न असा होता: प्रत्येक पाववाला पहाटे उठतो. मार्सेल पहाटे उठतो. तर काय?

"मार्सेल पाववाला आहे," नोएमी म्हणाली. वर म्हणते, "आत्या, एवढं सोपं नको ना देऊस."

मी म्हटलं, "मी पहाटे उठते. मी पाव विकते का?"

"तू मास चुकायला नको म्हणून उठतेस."

"मग मार्सेललाही काहीतरी कारण असेल की बाई! गुडघा दुखत असेल. त्याला पाववाला कशाला करतेस?"

ती पेन्सिल दातात धरून हसली. अर्मां असाच हसायचा.

मग मी तिला रिबनींचा खेळ सांगितला. तुला आठवतो? सिस्टर ओदिलने आपल्या सगळ्यांना अंगणात ओळीने उभं केलं होतं, तोंडं तिच्याकडे, वेण्या मागे. म्हणाली, "जिच्या वेणीला निळी रिबन आहे, तिच्या हातात पाटी आहे. ही माझी अट, आणि ती मी पाळलेली आहे. आता सांगा, तेरेजच्या हातात पाटी आहे. तिच्या वेणीला काय आहे?" आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, निळी रिबन! सिस्टरने तेरेजला खांद्याला धरून गर्रकन वळवलं. वेणीला साधा काळा दोरा. अंगणभर हशा. सिस्टर हसली नाही. "तुम्ही माझं वाक्य नुसतं फिरवलंत. नुसतं फिरवलेलं वाक्य तोंडावर पाडतं. फिरव आणि नाकार. दोन्ही करायचं, नाहीतर काहीच करायचं नाही."

आणि मग तू हात वर केलास. म्हणालीस, "सिस्टर, ज्यांच्या हातात पाटी नाही त्यांना वळवायची गरजच नाही. त्यांच्या वेणीला निळी रिबन असूच शकत नाही." सिस्टरने एकेकीला वळवलं. एकीच्याही नव्हती. तू तुझ्या जागेवरून हलली नव्हतीस, एकही वेणी पाहिली नव्हतीस. न बघता सांगितलंस. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि मला वाटलं, माझ्या बहिणीला भिंतीपलीकडचं दिसतं.

नोएमीने हे ऐकून घेतलं आणि वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फिरव आणि नाकार. मग विचारलं, "आत्या, इतकं येत होतं तर सोलांजआत्या पुढे का नाही शिकली?"

मी म्हटलं, घेवडे बघून येते.

रोलांद


लुइस्टन, १९ जानेवारी १९९७

सोलांज,

नाताळला खिम्याचा मीट-पाय भाजला, ममांच्या पद्धतीने, लवंग जास्त घालून. तुझ्यासाठी एक तुकडा वेगळा काढायची सवय हाताची आहे, ती मोडत नाही. तो नोएमीने खाल्ला.

ती पुढे चालली आहे. "परवाना असल्याशिवाय कुणी मासे धरत नाही" हे आता तिला नीट उलगडतं. मासे धरत असेल तर परवाना आहे. परवाना नसेल तर मासे धरत नाही. आणि परवाना असेल तर? "तर काही नाही आत्या. खिशात परवाना घालून माणूस घरी झोपू शकतो. पप्पा तेच करायचे."

"सर्व" चं खंडन कसं करायचं ते शिकवताना मी म्हटलं, "आपल्या घराण्यातले सगळे पेल्तिए हट्टी असतात. हे खोटं ठरवायला काय लागेल?"

"एकही पेल्तिए हट्टी नाही असं दाखवावं लागेल."

"कशाला इतका व्याप? एक मऊ पेल्तिए शोधून आण. पुरे."

तिने विचार केला. "त्यापेक्षा पहिलं सोपं आहे," म्हणाली.

पण "बहुतेक" ने आम्हा दोघींना रडवलं. तिथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही दिसायला सारख्या. पहिली मी घेवड्यांनी दाखवली. बशीत मूठभर घेतले. यातले बहुतेक भिजलेले आहेत. यातले बहुतेक तडकलेले आहेत. म्हणजे निदान एक तरी घेवडा भिजलेला आणि तडकलेला, दोन्ही आहेच. तिला पटेना. तिने भिजलेले एकीकडे, तडकलेले दुसरीकडे असे मांडून बघितले, पुन्हा पुन्हा मांडले, आणि शेवटी कपाळावर हात मारला. "निम्म्याहून जास्त इकडे, निम्म्याहून जास्त तिकडे. मावणार कुठे? एकाला तरी दोन्हीकडे बसावंच लागतं." तिचा चेहरा असा उजळला की मी तिला बशीसकट मिठी मारली.

मग तिने त्याच जोरात दुसरी वाट धरली. यातले बहुतेक ते, त्यातले बहुतेक पलीकडचे, म्हणून यातले बहुतेक पलीकडचे. मला ते चूक आहे हे माहीत होतं, का चूक आहे ते सांगता येईना. दोन दिवस मी भांडी घासताना, चर्चमध्ये, बसमध्ये तेच घोळवत होते. आणि एकदम फादर इन्स्पेक्टर आठवले!

बिशपांकडून ते तर्काचा तास तपासायला आले होते, जाडजूड, अंगाला तंबाखूचा वास. त्यांनी फळ्यावर नेमकं हेच लिहिलं आणि म्हणाले, हा नियम पाठ करा. सिस्टर ओदिलचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या फादरांना चूक म्हणायचं कसं? आणि तू उभी राहिलीस. दोन्ही हात बाकावर, आवाज अगदी गोड.

"फादर, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या बहुतेक सिस्टर फ्रेंच बोलतात, हो ना?"

"हो बाळ."

"आणि या गावात फ्रेंच बोलणारे बहुतेक लोक गिरणीत कामाला जातात?"

"देवाच्या कृपेने, हो."

"मग आमच्या बहुतेक सिस्टर गिरणीत कधी जातात, फादर? मला त्या कधी डबा घेऊन जाताना दिसल्या नाहीत."

 फादरांनी फळ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या बाहीने फळा पुसला. सिस्टर ओदिल खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मला तेव्हा वाटलं ती रडतेय.

हे सांगितलं तेव्हा नोएमी खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. त्यानंतर "बहुतेक" ची साखळी दिसली की ती पुटपुटते, "सिस्टर डबा घेऊन निघाल्या," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. एकही चुकत नाही.

तू सोळाची झालीस त्या उन्हाळ्यात पप्पांनी तुला कारखान्यात नेलं. सिस्टर ओदिल आपल्या जिन्याचे तीन मजले चढून आली होती, पप्पांशी बोलायला. मी दाराआड होते. ती काय म्हणाली ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मला वाटायचं तुझं दुःख वाढेल. ती म्हणाली होती, "मिस्टर पेल्तिए, मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. ही मुलगी मला शिकवते." पप्पांनी तिला कॉफी दिली आणि निर्णय बदलला नाही.

आता नोएमीलाही हे सांगितलं आहे. घेवड्यांचं निमित्त मी यावेळी केलं नाही.

रोलांद


लुइस्टन, ९ फेब्रुवारी १९९७

सोलांज,

काल परीक्षा झाली. रात्रभर बर्फ पडलं होतं. सकाळी शेजारच्या गानियोंनी फावडं मारून गाडी बाहेर काढून दिली. परीक्षेच्या जागी सगळी वीस-बावीसची पोरं, पाठीवर महागाच्या पिशव्या. नोएमी त्यांच्यात कारखान्याचा कोट घालून उभी. हात बघून मला भडभडून आलं. सुया टोचून टोचून बोटांची टोकं किती जाड झालीत तिची.

मी म्हटलं, "घाबरू नकोस."

ती म्हणाली, "जर मी घाबरले तर माझे हात गार पडतात. हात बघ. गरम आहेत. म्हणून?"

मी म्हटलं, "म्हणून तू घाबरलेली नाहीस."

"शाबास आत्या," म्हणाली आणि आत गेली. वेणीला तिने निळी रिबन बांधली होती. मला दाखवलीही नाही. वळली तेव्हा दिसली.

मी जवळच्या चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थना सुचेना. मी नुसती तुला आठवत राहिले, तू फळ्यापाशी उभी, खडू न उचलता, ओठांवर बोट ठेवून, आणि मग एकदम डोकं वर करणारी. मला वाटतं तीच माझी प्रार्थना झाली.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "आत्या, एका प्रश्नात आलं! अगदी तेच. वर्तमानपत्र वाचणारे बहुतेक लोक, त्यातले बहुतेक मतदान करणारे... आणि मला दिसली सिस्टर ओदिल, डोक्यावर पांढरी टोपी, हातात डबा, गिरणीच्या फाटकातून आत चाललेली! मी मोठ्याने हसले. पर्यवेक्षक बाई येऊन म्हणाल्या, बरं वाटत नसेल तर बाहेर जा."

"मग?"

"मी म्हटलं, बाई, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं."

निकाल महिन्याभराने. तू कळव असं म्हणत नाही. फक्त तिकडे नदी गोठली असेल, लाकडं पुरेशी आहेत ना तुझ्यापाशी? लेओ भावजी गेल्यापासून ती कोण फोडून देतं, हे मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही हे मला आवडत नाही.

रोलांद


लुइस्टन, २० एप्रिल १९९७

सोलांज!

घेतलं तिला. लॉ स्कूलचं पाकीट आलं, जाड. पातळ पाकीट आलं तर नकार, हे आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा जाड बघून मी नाचायला लागले, आणि ही बया मला थांबवून म्हणते, "आत्या, पातळ असेल तर नकार. जाड असेल तर काय, ते कुणी सांगितलंय?" पाकीट फोडेपर्यंत तिने मला नाचू दिलं नाही. मग आम्ही दोघी जिन्यात नाचलो, गानियो नवरा-बायकोसकट.

गुण इतके वाढले की तिला वाटलं दुसऱ्या कुणाचा निकाल आला.

ही बातमी पत्राने कळवायची नाही, असं नोएमीचं म्हणणं होतं, पण मला राहवत नाही. तिला तुझ्यासमोर उभं राहून ती सांगायची आहे, म्हणून आम्ही येतोय. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, रस्त्यांवरचा चिखल सुकला की. दुपारपर्यंत तुझ्याकडे फोर्ट केंटला पोचू.

तुझ्यावर जबरदस्ती नाही. ममांची खूण आठवते? पप्पा चिडलेले असले की ती गॅलरीतली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची, आणि आपण दप्तरं घेऊन खालीच पायरीवर बसायचो. तसंच कर. जर आम्ही तुला नको असू, तर पुढच्या गॅलरीत एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेव. आम्ही गाडीतून उतरणार नाही. नदीवर सँडविच खाऊ आणि परत फिरू. मी काही मनात ठेवणार नाही, शब्द देते.

रोलांद


लुइस्टन, १५ जून १९९७

सोलांज, माझे बाई,

हे पत्र नोएमी तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे. तेव्हा नोएमी, मधे मधे हसू नकोस, आणि "आत्या रडली" असं जिथे येईल तिथे गाळू नकोस.

त्या शनिवारी गाडीत काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू घरात होतीस, आणि मी तिथे तुला सांगितलंही नाही, लाज वाटली म्हणून. आता सांगते.

तुझ्या अंगणाशी वळलो, आणि मला खुर्ची दिसली. स्वयंपाकघरातली साधी लाकडी खुर्ची, दाराच्या बाजूला, भिंतीकडे तोंड. पाच तास गाडी चालवली होती मी, मांडीवर केकचा डबा घेऊन नोएमी बसली होती. मी ब्रेक लावला. मागे जाण्याचा गिअर टाकला.

"आत्या, काय करतेस?"

"खुर्ची बघ."

"बघितली. तू पत्रात काय लिहिलं होतंस?"

"नको असू तर खुर्ची फिरव."

"बरं. खुर्ची फिरवलेली आहे. यातून काय निघतं?"

"आपण नको आहोत हे निघतं, नोएमी! मला आता शिकवू नकोस."

"शून्य गुण," ती म्हणाली. "मार्सेल पहाटे उठतो, म्हणून मार्सेल पाववाला. तेरेजच्या हातात पाटी, म्हणून वेणीला रिबन. आत्या, तू नुसतं फिरवलंस! खुर्ची सरळ असती तर आपण हव्या आहोत हे निघालं असतं. फिरवलेल्या खुर्चीतून काहीच निघत नाही. वारा असेल, मांजर असेल, देव जाणे काय असेल." आणि केकचा डबा माझ्या मांडीवर ठेवून ती उतरली. आख्खा हिवाळा मी त्या मुलीला तेच शिकवत होते, सोलांज. ती अंगणातून चालत गेली, आणि मी गिअरवर हात ठेवून बघत राहिले, आणि मला इतका अभिमान वाटला की भीती वाटायची राहून गेली.

मग तू दारात आलीस, भिंतीला हात लावत लावत, आणि आमच्या डोक्यावरून कुठेतरी बघत म्हणालीस, "कोण आहे? अंडीवाला असेल तर अंडी नकोत. सरकारी माणूस असेल तर मी घरात नाही."

"आणि दोन्ही नसेल तर?" नोएमीने विचारलं.

"मग त्याबद्दल मी अजून काही बोललेच नाही," तू म्हणालीस.

तो आवाज! मी केकचा डबा तसाच धरून धावले. पुढचं तुला माहीत आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते पुन्हा लिहू दे, मला ते लिहिताना बरं वाटतं. तुझ्या डोळ्यांच्या मधोमध राखाडी डाग, तीन वर्षं वाढत गेलेला. काठाकाठाने दिसतं, मधलं जातं. खुर्ची तू वाट चाचपायला लाकडांपर्यंत ढकलत नेतेस आणि ढकलत परत आणतेस, पाठीला धरून, आणि दाराशी आलं की ती जशी भिंतीला टेकेल तशी सोडून देतेस. फोन तू काढलास तो रागाने नाही. आकडे दिसेनात, आणि तिसऱ्यांदा माझ्याऐवजी पाद्रीबुवांना लागला तेव्हा शरमून काढलास. तुझ्या कपाटात माझी सगळी पत्रं, उघडलेली, अक्षर माझं आहे एवढं काठाने ओळखलेलं, आणि एकही ओळ न वाचलेली.

"शेजारणीकडून वाचून घ्यायचं होतंस," मी रडत म्हटलं.

"ब्लाँशकडून? संध्याकाळपर्यंत साऱ्या खोऱ्याला कळलं असतं, पेल्तिए बहिणींनी एकमेकींना काय लिहिलं."

"मग लिहायचं तरी!"

"वाकड्या ओळींत? सिस्टर ओदिलची विद्यार्थिनी असून?"

खरं सांगते, मीही पाठवलं नसतं. त्या अक्षरासाठी बोटांवर किती पट्ट्या खाल्ल्या आपण.

तू मग कुट्टूचे घावन घातलेस, तव्यावर हात धरून, आच हातानेच जोखून, एकही करपला नाही. आणि नोएमीने पुस्तक काढलं. नुसतं मजेने, आता परीक्षा नव्हती. ती प्रश्न वाचायची, तू घावन उलटायचीस. सगळ्यात अवघड प्रश्न तिने वाचला, जो तिला आणि मला एक आख्खा रविवार लागला होता. तू तवा बाजूला केलास, ओठांवर बोट ठेवलंस, डोकं वर केलंस, आणि सांगितलंस. बरोबर.

नोएमी म्हणाली, "सोलांजआत्या, कागदावर न मांडता? न बघता?"

त्या अंगणातल्या सगळ्या वेण्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या. तुला तेव्हा तरी कुठे बघावं लागलं होतं?

ऑगस्टपर्यंत नोएमी तुझ्याकडे राहणार हे फार चांगलं झालं. कारखान्याला कुलूप लागलंच आहे. शाळा सुरू होईपर्यंत तिला तुझ्याहून चांगली शिक्षिका मिळणार नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुला ओढत नेणारी तिच्याहून हट्टी पेल्तिए तुला मिळणार नाही.

तुम्ही दोघींनी पाठवलेलं पत्र काल पोचलं. म्हणजे तिने तुला माझी जुनी पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली! मी तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते आठवून मला ओव्हनमध्ये डोकं घालावंसं वाटलं. पण खाली तुझ्या हातची ती एक ओळ होती, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली, काळ्या जाड पेनाने. मी ती खिडकीपाशी नेऊन वाचली: "नोव्हेंबरचं पत्र. पहिलं पान. 'तू बोलत नाहीस, तेव्हा तू रागावलेली आहेस.' रोली, हे काय आहे? नुसतं फिरवलंस. पुन्हा लिहून पाठव."

रोली म्हणून मला किती वर्षांत कुणी हाक मारलेली नाही.

ती ओळ वाकडी आहे, सोलांज. मी ती सिस्टर ओदिलच्या तसबिरीशेजारी लावली आहे.

आणि ही दुरुस्ती. नीट केली आहे, तरी तपास:

सोलांज रागावली तर सोलांज बोलत नाही.

सोलांज बोलली.

म्हणून सोलांज रागावलेली नाही.

तुझी रोली